टेटनच्या पायथ्याशी विसरलेली नायिका

डोंगराला पायथा असतो, अशी आपली समजूत असते. सह्याद्रीच्या सावलीत वाढलेल्या माणसाची तर ती श्रद्धाच. आधी माळ लागतो, मग टेकाड, मग सोंड, मग खिंड आणि मग कुठे कडा दर्शन देतो. अमेरिकेतल्या वायोमिंग राज्याच्या टेटन पर्वताला ही रीतभात ठाऊक नाही. सपाट कुरण जिथे संपते तिथून तो सरळ सात हजार फूट वर चढतो. मध्ये ना टेकडी ना उतरण. जमिनीला पडलेल्या एका प्रचंड भेगेची एक बाजू लाखो वर्षे वर सरकत राहिली, दुसरी खाली खचत गेली. वर गेली तो पर्वत झाला, खचली ते खोरे झाले. या खोऱ्याचे नाव जॅक्सन होल. ‘होल’ म्हणजे भोक नव्हे. चारी बाजूंनी डोंगरांनी वेढलेल्या उंच खोऱ्याला जुने कातडी-शिकारी असे म्हणत, आणि डेव्हिड जॅक्सन हा त्यांच्यापैकीच एक.

खोरे म्हटले तरी तिथली जमीन आपल्या कळसूबाईच्या माथ्यापेक्षाही उंच आहे. तिथून ग्रँड टेटनचे १३,७७५ फुटांचे टोक पाहताना मान दुखते. मधून स्नेक नदी वेळोवेळी अंग मोडत जाते. दोन्ही तीरांवर करड्या-हिरव्या झुडपांचे रान पसरलेले असते. या झुडपाला तिकडे सेजब्रश म्हणतात. त्याचे पान चोळले की कापूर आणि ओवा एकत्र कुटल्यासारखा वास येतो आणि दिवसभर बोटांना राहतो.

माझा भाचा सॉल्ट लेक सिटीला नोकरीला आहे. कॉलेजला सुट्टी लागली तशी मी त्याच्याकडे गेले होते. तिथून जॅक्सन मोटारीने पाचेक तासांवर. शेवटचा टप्पा स्नेक नदीच्या घळईतून जातो, तेव्हा नदी सोबत करते आणि गप्पा आपोआप थांबतात. भाचा गाडी चालवत होता. शेजारी भाचेसून आणि मागे मी, मांडीवर चिवड्याचा डबा. भाचेसून पुण्याची, शिकलेली वास्तुविशारद. नवऱ्याच्या व्हिसावर आलेली असल्याने तिला तिथे काम करण्याची परवानगी अजून मिळालेली नव्हती. दोन वर्षे ती घरी होती. ‘घर छान आवरलेलं असतं आमचं,’ एवढेच ती त्यावर म्हणे. तिच्या त्या वाक्यानंतर विषय कसा वाढवावा हे कुणाला समजत नसे.

आम्ही निघालो होतो ते पर्वत पाहायला. पण माझ्या मनात आणखी एक माणूस होते. आदल्या रात्री आम्ही तिघांनी १९३० सालचा ‘द बिग ट्रेल’ हा चित्रपट पाहिला होता. त्याचे काही चित्रण याच खोऱ्यात झाले. त्यातला नायक जॉन वेन सगळ्या जगाला माहीत आहे. मला शोध होता तो नायिकेचा. तिचे नाव मार्गरिट चर्चिल.

जॅक्सन हे गाव छोटेखानी आणि आता भलतेच श्रीमंत. चौकाच्या चारी कोपऱ्यांना सांबरासारख्या एल्क हरणांच्या गळून पडलेल्या शिंगांच्या कमानी आहेत. शेजारच्या एका प्रसिद्ध मद्यगृहात गिऱ्हाइकांना बसायला खुर्च्यांऐवजी खोगिरे! आम्ही खोगिरावर बसून लिंबाचे सरबत प्यायलो. एका वस्तूंच्या दुकानात जॉन वेनच्या तसबिरी होत्या, पेले होते, टोप्या होत्या. मी काउंटरवरच्या बाईंना विचारले, ‘त्याच्या पहिल्या मोठ्या चित्रपटातल्या नायिकेचं एखादं कार्ड मिळेल का?’

‘कोण बरं होती ती?’ बाईंनी अगदी मनापासून विचारले.

मी नाव सांगितले. त्यांनी ते कागदावर लिहून घेतले. कार्ड अर्थातच नव्हते.

याचे नवल अशासाठी, की बायकांना विसरावे असे हे गाव नव्हे. १९२० साली या जॅक्सनमध्ये नगरपालिकेच्या निवडणुकीत सगळ्याच्या सगळ्या जागा बायकांनी जिंकल्या. ग्रेस मिलर नगराध्यक्ष झाल्या. रोझ क्रॅबट्री नावाच्या बाईंनी तर आपल्या सख्ख्या नवऱ्याला पाडून जागा मिळवली. त्या रात्री त्या घरात स्वयंपाक कोणी केला, हे इतिहासाने नोंदवलेले नाही! या बायकांनी गावाच्या पोलीस अंमलदाराच्या जागीही एक तरुणी नेमली. मुळात वायोमिंगने बायकांना मताचा अधिकार दिला तो १८६९ मध्ये, अमेरिकेतल्या इतर प्रदेशांच्या आधी. त्याच प्रांतात, बायकांचा कारभार येऊन गेल्याला दहा वर्षे होतात न होतात तोच, एकोणीस वर्षांची एक नटी कापडी छताच्या गाड्यांच्या तांड्याबरोबर येऊन उभी राहिली.

मार्गरिट चर्चिलचा जन्म २६ डिसेंबर १९१० चा, मिसुरीतल्या कॅन्सस सिटीचा. ही जागा ध्यानात ठेवण्यासारखी आहे. एकोणिसाव्या शतकात पश्चिमेकडे निघालेले शेतकरी बैलगाड्या जुंपत ते इंडिपेंडन्स या गावी, आणि ते गाव कॅन्सस सिटीला अगदी लागून. तिथून ऑरेगनपर्यंतची वाट दोन हजार मैलांची. म्हणजे पुढे पडद्यावर जो प्रवास ती करणार होती त्याच्या पहिल्या मुक्कामाशीच ही मुलगी जन्मली. कोवळ्या वयात ती न्यूयॉर्कच्या रंगभूमीवर उभी राहिली आणि तिथेच तिने आवाज कमावला.

या आवाजाने तिचे नशीब उघडले. १९२७ नंतर अमेरिकेत चित्रपट बोलू लागला आणि हॉलिवुडची त्रेधा उडाली. मूकपटातली कित्येक देखणी माणसे तोंड उघडताच निकामी ठरली. मग नाटकात काम करणाऱ्यांना बोलावणी गेली. फॉक्स कंपनीने मार्गरिटला घेतले. १९२९ च्या ‘द व्हॅलियंट’मध्ये ती पॉल म्युनीबरोबर होती. म्युनीचाही तो पहिलाच चित्रपट. त्याच वर्षी विल रॉजर्सबरोबर ‘दे हॅड टु सी पॅरिस’ झाला. आणि १९३० मध्ये राउल वॉल्श या दिग्दर्शकाने तिला ‘बिग ट्रेल’ची रूथ कॅमेरॉन केले. हा वॉल्श एकाक्ष होता. पूर्वी बोलपटाच्याच चित्रणासाठी रानात हिंडत असताना त्याच्या मोटारीच्या काचेवर ससा येऊन आदळला आणि त्यात त्याचा डोळा गेला. एका डोळ्याच्या या गृहस्थाला सर्वांत रुंद पडदा मिळावा, ही मौजच.

त्या पडद्याची हकीकत सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. फॉक्सने त्या काळी नेहमीच्या दुप्पट रुंदीची, सत्तर मिलिमीटरची फिल्म काढली होती. तिचे नाव ‘ग्रँजर’, म्हणजे भव्यता. ‘बिग ट्रेल’चे प्रत्येक दृश्य दोनदा टिपले गेले, एकदा नेहमीच्या फिल्मवर आणि एकदा या रुंद फिल्मवर. शिवाय जर्मन, फ्रेंच, इटालियन आणि स्पॅनिश आवृत्त्या वेगळे नट घेऊन काढल्या. ओठ हलतात ती भाषा ऐकू यावी, यासाठी चित्रपट पुन्हा काढणे हाच तेव्हा मार्ग होता. आपल्याकडे १९३२ मध्ये प्रभातने ‘अयोध्येचा राजा’ मराठीत आणि हिंदीत असा दोनदा केला, तो याच निकडीतून. १९३० चा उन्हाळाभर हा सगळा बारदाना युमाच्या वाळवंटापासून या टेटनच्या खोऱ्यापर्यंत आणि तिथून कॅलिफोर्नियातल्या सिक्वॉया वृक्षांच्या अरण्यापर्यंत फिरला.

आता प्रत्यक्ष चित्रपट. त्याची गोष्ट सांगण्यासारखी मोठी नाही. रूथ आपला भाऊ आणि धाकटी बहीण यांना घेऊन तांड्याबरोबर निघते. वाटाड्या ब्रेक कोलमन, म्हणजे जॉन वेन, तिच्यावर अनुरक्त असतो. पहिल्याच भेटीत त्याच्या धसमुसळेपणाने ती दुखावते आणि निम्माअधिक चित्रपट त्याच्याशी धड बोलत नाही. मध्ये एक जुगारी खोट्या बढाया मारून तिला भुलवू पाहतो. शेवटी महावृक्षांच्या अरण्यात, त्या खांबांएवढ्या खोडांमधून नायक चालत येतो आणि दोघे भेटतात. वेन तेव्हा तेवीस वर्षांचा. कालपरवापर्यंत स्टुडिओत सामानसुमान वाहणारा पोरगा. ‘जॉन वेन’ हे नावही त्याला याच चित्रपटापुरते चिकटवले आणि ते जन्मभर राहिले. तो संवाद बोलतो ते पाठांतर म्हणून दाखवल्यासारखे. मार्गरिट मात्र बोलते तेव्हा शब्दाला कणा असतो. रागावलेली असताना ती आवाज चढवत नाही, खाली आणते. रंगभूमीने शिकवलेले शहाणपण ते!

पण या चित्रपटाचे खरे नवल गोष्टीत नाही, कडेला आहे. रुंद फिल्मचा कॅमेरा नटांच्या फार जवळ जात नाही. नायिकेचा चेहरा पडदाभर मोठा करून दाखवावा, आसवे मोजता यावीत, ही सोय तिथे फारशी नाही. ती उभी असते ती माणसांच्या गर्दीत. पुढे रूथ बोलत असते आणि मागे, बाजूला, दूरवर आयुष्य चाललेले असते. कोणी बाई पोराला आंघोळ घालते आहे, कोणी लाकडे फोडतो आहे, कोणी चाकाची आरी ठोकतो आहे. कुत्री हिंडताहेत, कोंबड्या खुराड्यातून माना काढताहेत. एका ठिकाणी आख्ख्या गाड्या आणि जनावरे दोरांना बांधून कड्यावरून खाली सोडतात. तिथे कुठलाही कागदी देखावा नाही. खरे दोर, खरे वजन, खरी भीती. नदी ओलांडताना गाड्या उलटतात. पावसात चिखलात माणसे घसरतात. जो जिथे आहे तिथे तो स्पष्ट दिसतो. पडद्याच्या अगदी टोकाला असलेल्या म्हातारीलाही अंधुक व्हायची सक्ती नाही.

भाचेसून हे पाहताना रात्री एकदा म्हणाली होती, ‘मावशी, यात कुणीच बॅकग्राउंड नाहीये.’ वास्तुविशारदाची नजर ती.

तिचे म्हणणे एका जागी मात्र खरे नाही. या खोऱ्यात उन्हाळ्याला शोशोनी आणि इतर मूळ रहिवासी हजारो वर्षे शिकारीला आणि कंदमुळे खणायला येत. चित्रपटात ते आहेत ते बहुतेक हल्ला करण्यापुरते. इतक्या रुंद पडद्यातही त्यांच्या घरात डोकावायला जागा झाली नाही. आणखी एक सांगायला हवे. खरी ऑरेगनची वाट या खोऱ्यातून गेलीच नाही. ती दक्षिणेकडच्या सोप्या खिंडीतून गेली. बैलगाडीवाला शेतकरी शहाणा होता. टेटनसमोर गाड्या आणण्याचा उद्योग चित्रपटवाल्यांचाच.

इतके करून १९३० च्या ऑक्टोबरात चित्रपट लागला आणि पडला. दहा लाखांहून अधिक डॉलर पाण्यात गेले. वर्षभरापूर्वीच शेअर बाजार कोसळला होता, मंदी सुरू झाली होती. थिएटरवाल्यांनी नुकतीच बोलपटाची यंत्रे कर्ज काढून बसवली होती. आता नवा पडदा आणि नवी यंत्रे कोण घेणार? सत्तर मिलिमीटरचा ‘बिग ट्रेल’ हॉलिवुडचे चायनीज आणि न्यूयॉर्कचे रॉक्सी या दोनच थिएटरांत दिसला. बाकी देशाने पाहिला तो अरुंद. ज्याचा जीव रुंदीत होता, त्याची रुंदीच लोकांना दिसली नाही.

या पडझडीची झळ दोघांनाही लागली. जॉन वेन नऊ वर्षे स्वस्तातल्या घोडेस्वारी चित्रपटांत खितपत पडला. १९३९ साली जॉन फोर्डच्या ‘स्टेजकोच’ने त्याला वर काढले, आणि त्यानंतरचे सगळ्यांना माहीत आहे. मार्गरिटला दुसरा ‘स्टेजकोच’ मिळाला नाही. तिने कामे केली, आणि चांगली केली. १९३१ मध्ये स्पेन्सर ट्रेसीबरोबर ‘क्विक मिलियन्स’ झाला. त्याच वर्षी झेन ग्रेच्या कादंबरीवरचा ‘रायडर्स ऑफ द पर्पल सेज’ आला. नावातले सेज ते हेच, आमच्या बोटांना वास देणारे. त्यात ती आपले कुरण आणि गुरे एकटीने राखू पाहणारी जेन विदरस्टीन होती, आणि नायक होता जॉर्ज ओब्रायन. मुर्नाऊच्या ‘सनराइज’मधला नायक तो हाच. १९३३ मध्ये दोघांचे लग्न झाले. पहिला मुलगा जन्मानंतर थोड्याच दिवसांत गेला. १९३५ मध्ये मुलगी ऑरिन झाली, १९३९ मध्ये मुलगा डार्सी. मधल्या १९३६ साली ती पडद्यावर परतली, ती ‘द वॉकिंग डेड’ आणि ‘ड्रॅक्युलाज डॉटर’ अशा भयपटांतून. मग जवळजवळ थांबली. १९४८ मध्ये घटस्फोट. १९५० मध्ये एक लहानशी भूमिका, आणि त्यानंतर मोठ्या पडद्यावर ती दिसली नाही. नंतरची काही वर्षे ती युरोपात राहिली. ९ जानेवारी २००० रोजी ओक्लाहोमातल्या ब्रोकन ॲरो या गावी ती वारली. वय एकोणनव्वद.

हे सगळे मी भाचेसुनेला सांगितले ते स्नेक नदीच्या काठी, दुपारचे पोळीचे लाडू खाताना. भाचा दगड गोळा करत लांब गेला होता. ती म्हणाली, ‘लग्न झालं, मुलं झाली, काम थांबलं. एवढंच ना?’

मी म्हटले, ‘एवढंच नाही.’

मुलगा डार्सी इंग्रजीचा प्राध्यापक आणि लेखक झाला. ‘अ वे ऑफ लाइफ, लाइक एनी अदर’ या त्याच्या कादंबरीला १९७८ साली हेमिंग्वेच्या नावाचा पुरस्कार मिळाला. उतरती कळा लागलेल्या चित्रपटातल्या आईबापांचा मुलगा ती गोष्ट सांगतो. हसवता हसवता बोचणारी कादंबरी आहे. कादंबरीतली आई म्हणजे हीच, असे धरून चालणे बरोबर नव्हे. वाङ्मय शिकवणाऱ्याने तरी तो मोह टाळावा. पण आपल्या आईबापांच्या ओसरलेल्या झगमगाटाचे लेखकाच्या मनाला काय झाले, ते त्यात आहे. डार्सी १९९८ मध्ये गेला. आईने तेही पाहिले.

आणि मुलगी ऑरिन? तिने डबल बास हे वाद्य हाती घेतले. व्हायोलिनच्या घराण्यातले ते सर्वांत मोठे भावंड. माणसाहून उंच, आवाज सर्वांत खोल. वाद्यवृंदात ते मागच्या बाजूला उभे असते आणि सहसा सूर धरून ठेवण्याचे काम करते. आपल्याकडे तंबोरा करतो तसे म्हणा. ऐकणाऱ्याचे लक्ष त्याच्याकडे जात नाही, पण ते थांबले तर सगळे अधांतरी होते. १९६६ साली लेनर्ड बर्न्स्टाइनच्या न्यूयॉर्क फिलहार्मोनिकमध्ये तिची निवड झाली. तेव्हा त्या वाद्यवृंदात ती एकटीच स्त्री होती. वर्तमानपत्रवाल्यांनी तिच्या वादनापेक्षा तिच्या बांध्याबद्दल अधिक लिहिले. ती वाजवत राहिली, २०२१ पर्यंत, पंचावन्न वर्षे. तिच्या भाचीने, मॉली ओब्रायनने, तिच्यावर ‘द ओन्ली गर्ल इन द ऑर्केस्ट्रा’ हा लघुपट केला आणि २०२५ मध्ये त्याला ऑस्कर मिळाले. त्यात ही म्हातारी स्वच्छ सांगते की आपल्याला पुढे येण्याची हौस नाही. सगळ्यांत मिळून वाजवण्यात, मागे राहून आधार देण्यात आपल्याला आनंद आहे. नटनट्यांच्या घरात जन्मलेली मुलगी हे बोलते.

भाचेसून थोडा वेळ नदीकडे पाहत राहिली. मग म्हणाली, ‘म्हणजे आईचं राहिलेलं मुलीनं पुरं केलं.’

हे वाक्य आपल्याकडे फार लाडके आहे. मला ते तितकेसे मानवत नाही. मुलगी काही आईची उधारी फेडायला जन्मत नाही. ऑरिनने आईचे अपुरे पुरे केले नाही, तिने आपले काम केले. आणि मार्गरिटचे अपुरे ते अपुरेच राहिले. ते तसे म्हणावे, त्याला झालर लावू नये. मागे उभे राहणे आणि मागे लोटले जाणे, या दोन गोष्टी दिसायला सारख्या असल्या तरी एक नव्हेत. मुलीने मागची रांग निवडली. आईला कोणी विचारल्याचे दिसत नाही.

‘आणि मला विचारलंय का कुणी?’ भाचेसून हसत म्हणाली. पण ते हसू डोळ्यांपर्यंत गेले नाही.

तेवढ्यात भाचा ओंजळभर दगड घेऊन आला. ‘काय चाललंय दोघींचं?’ त्याने विचारले.

‘माझं चाललंय,’ ती म्हणाली. मग तिने त्याला शेजारी बसवले आणि परवानगी येईपर्यंत थांबायचे की पुण्याला परत जाऊन वर्षभर काम करायचे, हा दोन वर्षे गिळलेला प्रश्न तिथेच, त्या दगडांवर बसून मांडला. मी उठून नदीकाठाने चालत लांब गेले. काही संभाषणांत मावशीने नसणे हीच मावशीची मदत असते. परतीच्या वाटेवर दोघे गंभीर होती, पण एकमेकांशी बोलत होती. निर्णय काय होईल तो त्यांचा. या लेखात तो नाही.

संध्याकाळी टेटन काळाभोर झाला आणि त्याच्या कडांवर तेवढी सोनेरी किनार राहिली. कुरणात एल्क हरणांचा कळप उतरला होता. मोटारी थांबवून लोक छायाचित्रे घेत होते. नव्वदेक वर्षांपूर्वी याच उजेडासाठी कॅमेरे थांबले असतील, आणि धुळीने माखलेली, लांब घागऱ्यातली एक मुलगी ‘आता पुन्हा एकदा, जर्मन मंडळींसाठी’ ही हाक ऐकत बाजूला सरून बसली असेल.

रुंद फिल्मवरचा ‘बिग ट्रेल’ कित्येक वर्षे डब्यांत पडून होता. १९८० च्या दशकात न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने त्याची जपणूक करून तो पुन्हा पाहण्याजोगा केला. २००६ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत त्याचे नाव लागले. आता तो घरबसल्या पाहता येतो. वाचकांपैकी कोणाची मुले-भाचरे तिकडे असतील आणि जॅक्सनला जायचा योग येईल, तर आदल्या रात्री तो जरूर पाहावा, पण रुंद आवृत्तीच पाहावी. जॉन वेन आपोआप दिसेल, त्याची चिंता नको. पाहायचे ते दोन्ही कडांना. तिथे दोर धरणारे हात आहेत, चुलीवर वाकलेल्या बायका आहेत. आणि त्यांच्यात, त्यांच्यातलीच होऊन, मार्गरिट चर्चिल उभी आहे.